रपट्यापलीकडची शाळा

४ सप्टेंबर १८६३. नागपूरच्या दक्षिणेला बोरी गावाजवळ, आजच्या बुटीबोरीच्या परिसरात, मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांचा मुक्काम होता. सोबत स्टीफन हिस्लॉप होते. जवळच टाकळघाटच्या रानात फार जुनी शिळावर्तुळे आहेत, ती पाहायला मंडळी गेली होती. पाहणी आटोपून बाकीचे मुक्कामाकडे वळले. हिस्लॉप मात्र टाकळघाटची शाळा पाहायची म्हणून मागे राहिले. शाळा पाहून ते एकटेच घोड्यावरून निघाले, तोवर पाऊस कोसळून गेला होता आणि वाटेतला नाला दोन्ही थड्या भरून वाहत होता. तो ओलांडताना हिस्लॉप बुडाले. तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे होते.

नागपूरकरांना हिस्लॉप हे नाव सिव्हिल लाइन्समधल्या कॉलेजमुळे माहीत आहे. ते कॉलेज त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १८८३ मध्ये सुरू झाले. स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा हा मिशनरी १८४५ मध्ये इकडे आला आणि पुढच्याच वर्षी त्याने नागपुरात शाळा काढली. धर्मप्रसार हा त्याचा उघड हेतू होता आणि त्यावरून शहरात वादही पेटले. पण याच माणसाने गोंडांच्या बोली आणि कथा टिपून ठेवल्या, नागपूर भागातले खडक आणि जीवाश्म गोळा केले. हिस्लॉप यांची टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. शेवटचा दिवस मात्र हिस्लॉप यांनी दिला तो एका खेड्यातल्या शाळेला.

विदर्भात आज अशा नाल्यांवर रपटे आहेत. उन्हाळ्यात त्यांवरून बंडीही जाते आणि ट्रॅक्टरही. जुलै-ऑगस्टमध्ये रपट्यावरून पाणी चढले की गाव दोन-दोन दिवस तुटते. गावातली शाळा बंद करून चार-पाच गावांची मिळून एक मोठी शाळा करण्याची योजना मुंबई-पुण्याच्या टेबलांवर आखली जाते, तेव्हा नकाशावर अंतराची रेघ दिसते. रपटा दिसत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागवले. त्या वेळी समोर आलेला हिशेब असा होता: वीसच्या आतला पट असलेल्या शाळा १४,७८३, त्यांत शिकणारी मुले सुमारे १ लाख ८५ हजार आणि शिकवणारे शिक्षक २९,७०७. नमुना म्हणून नंदुरबारमधले तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातले पानशेत यांची नावे पुढे केली गेली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये दहाच्या आतला पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता. पुढे १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने लहान शाळांतली शिक्षकांची पदे आणखी आवळली. शब्द प्रत्येक वेळी नवे असतात: समायोजन, समूह, गुणवत्ता. गावाला मात्र एकच गोष्ट कळते, की शाळा जाणार.

आकड्यांचा युक्तिवाद आधी सरळपणे ऐकून घेतला पाहिजे. दर शाळेत सरासरी बारा-तेरा मुले आणि दर शिक्षकामागे सहा. पहिलीत दोन, दुसरीत एक, तिसरीत कोणीच नाही, चौथीत चार. एकच मूल असलेल्या वर्गात कोणाशी स्पर्धा करायची, कोणासोबत लंगडी खेळायची? खोखोचा संघ होत नाही, नाटक बसत नाही, प्रयोगशाळेचे तर नावच नको. एक शिक्षक रजेवर आणि दुसरा ऑनलाइन माहिती भरायला बसला, तर त्या दिवशी शाळा म्हणजे फक्त खिचडी. हे सगळे खरे आहे. लहान शाळा आपोआप चांगली असते, असे कोणी म्हणू नये.

पण या युक्तिवादात एक पायरी वगळलेली आहे. मूल मोठ्या शाळेत पोचेल, हे त्यात धरूनच चालले आहे.

गरिबाच्या मुलाची शाळा परवडत नाही, हे वाक्य फार जुने आहे आणि ते फक्त आपल्याकडेच उच्चारले गेले असेही नाही. तेव्हा जगातला सर्वांत श्रीमंत देश असलेल्या इंग्लंडने एकोणिसाव्या शतकात आपल्या खेड्यांतल्या मजुरांच्या मुलांबाबत हाच हिशेब मांडला होता. त्या हिशेबाची सुरुवात भारतातून झाली, हे फारसे सांगितले जात नाही. मद्रासजवळच्या एग्मोरच्या अनाथालयाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी १७९० च्या सुमारास तिथल्या गावठी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली. कागद नको, दौत-लेखणी नको, आणि मोठी पोरे लहानांना शिकवणार म्हणून पगारी माणसेही कमी. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर हेच चालत असे. बेल यांनी ही पद्धत १७९७ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने मांडली. १८११ मध्ये स्थापन झालेल्या चर्चच्या नॅशनल सोसायटीने ती उचलली आणि इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत गरिबांच्या शाळा तिच्यावर उभ्या राहिल्या. तिकडच्या मजुरांची पोरेही मग वाळूच्या ताटात बोटाने अक्षरे काढू लागली. ही पद्धत उचलली गेली त्यामागे तिचा स्वस्तपणा होता.

पुढे १८६२ मध्ये इंग्लंडच्या शिक्षण खात्याचे रॉबर्ट लो यांची शाळा-अनुदानाची संहिता आली. निकालावर पैसे, असा तिचा साधा अर्थ होता. दर मुलामागे जास्तीत जास्त १२ शिलिंग: ४ हजेरीचे आणि ८ वाचन, लेखन, गणिताच्या परीक्षेचे. एका विषयात मूल नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येई आणि त्या दिवसावर मास्तरांची भाकरी अवलंबून असे. मॅथ्यू आर्नल्ड हे त्या काळचे मोठे कवी आणि समीक्षक. ते स्वतः शाळा-इन्स्पेक्टर होते आणि त्यांनी या पद्धतीविरुद्ध सतत लिहिले. मुले पुस्तक पाठ करतात, वाचायला शिकत नाहीत, हे ते वर्गात बसून पाहत होते.

याच नियमावलीने इतिहासाला एक मोलाची देणगीही दिली. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेच्या मुख्य शिक्षकाला रोजनिशी लिहिणे सक्तीचे झाले. तिकडच्या जिल्हा दप्तरखान्यांत त्या वह्या आजही जपून ठेवल्या आहेत. त्यांतल्या नोंदी कोरड्या आणि तुटक आहेत. पण गावात शिकवलेल्या कोणाही मराठी मास्तराला त्या ओळखीच्या वाटतील. सुगी सुरू झाली, वर्ग रिकामा. मुले बटाटे काढायला गेली. आयांसोबत सरवा वेचायला गेली. बर्फ पडला, पायात बूट नाहीत म्हणून आली नाहीत. शेतमजुरांचे पुढारी जोसेफ आर्च यांचा जन्म १८२६ मध्ये वॉरिकशरमधल्या बारफर्ड गावी झाला. नवव्या वर्षी ते शाळा सोडून शेतातले कावळे हाकायला लागले. बारा तासांचा दिवस आणि चार पेन्स मजुरी. आपल्याकडे ज्वारी निसवली की माळ्यावर बसून गोफणीने पाखरे हाकणारा पोरगा आणि हा आर्च यांच्यात फरक फक्त पिकाचा. आर्च पुढे शेतमजुरांची संघटना बांधून १८८५ मध्ये पार्लमेंटात गेले. त्यांच्याबरोबर कावळे हाकणारी बाकीची पोरे कावळेच हाकत राहिली.

इंग्लंडने यातून वाट कशी काढली, तिचा क्रम महत्त्वाचा आहे. १८७० च्या फॉर्स्टर कायद्याने आधी शाळा दिली: जिथे शाळेची सोय अपुरी असेल तिथे लोकांतून निवडलेले स्कूल बोर्ड नेमून ती उभी करायची. सक्ती आली दहा वर्षांनी, १८८० मध्ये. आठवड्याला एक-दोन पेन्सची जी फी मजुराला जड जात होती, ती १८९१ मध्ये जवळपास सगळीकडे उठली. निकालावर पैसे देण्याची पद्धतही त्याच दशकात मोडीत निघाली. आणि उन्हाळ्याची लांब सुट्टी गावाच्या सुगीकडे पाहून ठरत असे. शाळा आधी पोरांच्या दारी गेली, मग पोरांना शाळेत यायला भाग पाडले गेले. आपण आज तोच क्रम उलटा फिरवायला निघालो आहोत.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत आधी आणि सर्वांत नेमका मांडला तो जोतीराव फुल्यांनी. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी करून दिली. १८४८ पासून शाळा चालवण्याचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिणारी मुक्ता साळवे त्यांच्याच शाळेतली. त्यामुळे आयोगासमोर ते ऐकीव बोलत नव्हते. शेतसाऱ्यासोबत शेतकऱ्याकडून लोकल फंडाचा पैसा घेतला जातो आणि त्याच्या मुलाला मात्र गावात शाळा नाही, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते. मुंबई इलाख्यातल्या जवळजवळ नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, शिक्षणाची काहीही सोय नाही, हे त्यांनी लेखी नोंदवले. लोकल फंडाचा निम्मा पैसा फक्त प्राथमिक शिक्षणावर खर्च करा. बाराव्या वर्षापर्यंत ते सक्तीचे करा. मास्तराला बारा रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नका. मोडी-बालबोध वाचन, हिशेब आणि आरोग्य यांच्या जोडीला शेतीचेही धडे द्या, आणि शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातून निवडा. एकशे चाळीस वर्षांपूर्वीचा हा कागद आजच्या कोणत्याही शिक्षण सचिवाच्या टेबलावर ठेवला तरी शिळा वाटणार नाही.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. त्याचा आराखडा त्यांनी १८७० आणि १८७६ चे इंग्लंडचे कायदे आणि आयर्लंडचा १८९२ चा कायदा समोर ठेवून केला होता. देशात तेव्हा शंभरातली सहाच माणसे साक्षर होती. वर्षभराने विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. जे राज्यकर्ते आपल्या खेड्यांत सक्ती आणि फीमाफी करून बसले होते, त्यांनीच इथल्या खेड्यांसाठी तिजोरीत पैसा नाही असे सांगितले. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे शिक्षण करून दाखवले. मध्य प्रांताचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा यायला १९२० उजाडले, आणि तोही प्रत्येक स्थानिक संस्थेच्या मर्जीवर सोडलेला.

कायदे येईपर्यंत नागपूरच्या गरिबांनी काय केले, ते किसन फागूजी बनसोडे आणि जाईबाई चौधरी यांच्या आयुष्यात दिसते. बनसोडे मोहप्याचे, जन्म १८७९. त्यांनी १९०७ मध्ये नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. पुढे छापखाना घातला, पत्रे चालवली. जाईबाई उमरेडच्या, जन्म १८९२. दुष्काळाने त्यांचे कुटुंब नागपूरला आणले. नागपूर ते कामठी ओझी वाहणे हे त्यांचे काम, आणि ते अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांच्यातली हुशारी हेरली, शिकवले आणि महिना चार रुपयांवर शिक्षिका केले. आपल्या मुलांना अस्पृश्य बाई शिकवते, हे पालकांना कळले आणि ओरड झाली. नोकरी गेली. जाईबाईंनी पुन्हा डोक्यावर ओझे घेतले. आणि १९२० च्या दशकात याच बाईने नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. आज वीसचा पट मोजणाऱ्यांच्या फूटपट्टीवर अशी शाळा पहिल्याच वर्षी बंद झाली असती.

याच मध्य प्रांतात १९३८ मध्ये मंत्री रविशंकर शुक्लांची 'विद्यामंदिर' योजना आली. गावाने जमीन दान द्यायची, तिच्या उत्पन्नातून मास्तरांचा महिना पंधरा रुपये पगार निघायचा. नावावरून वाद झाला, दुसरे महायुद्ध सुरू होताच मंत्रिमंडळाने राजीनामे दिले आणि योजना विरली. हेतू चांगला असला तरी तिच्या मुळाशी एक चूक होती: गरीब गावाने आपली शाळा आपल्याच पोटातून काढून चालवावी, हे गृहीत. शहरातल्या शाळेला कोणी वावर दान मागितले नव्हते.

या सगळ्या प्रयोगांत तारा मोडकांचा सर्वांत पुढचा. मादाम माँटेसरींची पद्धत त्यांनी आधी शहरात राबवली होती. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला १९४५ मध्ये आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसोबत काम करताना त्यांच्या लक्षात आले, की वारल्यांची मुले बालवाडीत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात आणि धाकटी भावंडे सांभाळतात. तेव्हा या बाया मुलांच्या अंगणात गेल्या आणि मुले गुरे चारत होती त्या कुरणात गेल्या. अंगणवाडी झाली, कुरणशाळा झाली. मोजायला शंखशिंपले, बिया आणि खडे. देशभर गावोगावी आज जिला अंगणवाडी म्हणतात, तिचे नाव आणि तिची कल्पना या टेकडीवरून आली. मूल शाळेत का येत नाही, हा प्रश्न ताराबाईंनी मुलाला विचारला आणि उत्तर मिळाल्यावर शाळा हलवली.

आता नागपूर जिल्ह्याकडे पाहू. मार्च उजाडला की देवलापार, पारशिवनी, रामटेकच्या जंगलपट्ट्यात मोहफूल गळायला लागते. ते पहाटे गळते. उन्हे चढण्याआधी वेचले नाही तर गुरे खातात किंवा फूल सुकून वजनाला उतरते. म्हणून अंधारातच घरातली सगळी माणसे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, त्यांत आठ वर्षांची पोरगीही असते. झाडाखालचा पालापाचोळा आदल्या दिवशी झाडून घेतलेला असतो. फुले मऊ, रसाळ, हाताला चिकटणारी. वेचता वेचता आठ-नऊ वाजतात. गावातच शाळा असेल तर ती पोरगी टोपले ओट्यावर ठेवते, हातपाय धुते आणि अर्धा तास उशिरा का होईना, वर्गात जाऊन बसते. मास्तर दोन शब्द रागावतात आणि पाटी काढायला सांगतात. शाळा सहा किलोमीटरवर असेल आणि बस साडेआठला निघून गेली असेल, तर त्या दिवशी ती शाळेत जात नाही. मोहफुलाचा हंगाम महिनाभर चालतो. त्याच महिन्यात वार्षिक परीक्षेची तयारी असते आणि पाठोपाठ तेंदूपत्ता येतो.

पश्चिमेला काटोल-नरखेडकडे संत्र्याची तोडणी, सगळीकडे सोयाबीनची सवंगणी आणि दिवाळीपासून पुढे तीन-तीन महिने कापसाची वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे लहान बोटेही कामाला येतात. भंडारा-गोंदियात रोवणी. चंद्रपूर-गडचिरोलीतली कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि लेकरे सोबत नेतात. ही मुले कामचुकार नाहीत आणि त्यांचे आईबाप निष्काळजी नाहीत. वर्षाचे काही आठवडे त्यांच्या घरात मजुरी येते, त्यावर उरलेले वर्ष निघते. अशा घरात मूल शाळेत टिकते ते एकाच कारणाने: शाळा इतकी जवळ असते की काम आणि शाळा एका दिवसात बसतात.

जवळ म्हणजे किती, हे कायद्याने ठरवले आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यायचे म्हटले आहे. वीसच्या खाली गेल्यावर शाळा बंद करावी, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. तीनशे वस्तीच्या टोल्यात सहा ते दहा वयाची मुले पंचवीसच्या आसपासच असणार. त्यातली सहा-सात ज्यांना परवडते त्यांच्या घरून तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसली, की पट वीसच्या आत येतो. मागे उरतात ती नेमकी गावातल्या सर्वांत गरिबांची मुले. पट घटला म्हणून शाळा बंद करणे म्हणजे ज्यांना दुसरी वाट नाही त्यांचीच वाट बंद करणे होय.

बसने नेऊ, असे सांगितले जाते. मानव विकास मिशनच्या निळ्या बसगाड्यांनी विदर्भात मोठ्या मुलींना हायस्कुलापर्यंत नेले, हे काम नाकारता येणार नाही. पण आठवी-नववीतली मुलगी आणि पहिलीतले लेकरू यांत फरक आहे. लेकराला बसस्टॉपवर सोडायला कोणी तरी लागते, आणि घरातले कोणी तरी म्हणजे सकाळी सातला मजुरीला निघालेली आई. पेंचच्या कडेच्या गावांत दिवसाउजेडीही वाघाची धास्ती असते. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी असताना ड्रायव्हर बस पलीकडेच उभी करतो, आणि त्याने तसेच केले पाहिजे. मग त्या दिवशी अख्ख्या गावाची गैरहजेरी लागते.

मोठ्या शाळेत जे मिळते ते लहान शाळेत आणण्याचे मार्ग आपल्याच व्यवस्थेत पडून आहेत. राज्यात दहा-बारा शाळांचे एक केंद्र असते, त्याला केंद्रप्रमुख असतो, शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. त्याच केंद्राला एक चित्रकलेचा, एक खेळाचा आणि एक इंग्रजीचा शिक्षक द्यावा आणि त्याने आठवड्याचे वार वाटून सगळ्या गावांत फिरावे. मोटारसायकलवरचा एक मोठा माणूस रपट्याशी थांबू शकतो, दुसऱ्या दिवशी जाऊ शकतो. शनिवारी पाच गावांची मुले एका मैदानावर आणून खोखो खेळवता येतो, त्यासाठी एका दिवसाची बस पुरते. मोठी समूह शाळा सहावीपासून पुढे, वसतिगृहासह करायची तर जरूर करावी. त्या वयाची मुले दुरून येऊ शकतात आणि त्यांना प्रयोगशाळा हवीच. पहिली ते पाचवी मात्र गावातच राहावी, आणि दोन्ही शिक्षक कायम पगारावरचे असावेत.

हंगामाचेही तसेच. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे सरकारला प्रदेशाप्रमाणे वेळापत्रक बदलता येते. जंगलपट्ट्यातल्या शाळांना मोहाच्या महिन्यात दहाची वेळ आणि कापूसपट्ट्यात वेचणीच्या दिवसांत थोडी लवचीक सुट्टी द्यायला कोणताही कायदा आड येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना कागदावर आहे. तिचा पैसा हंगाम संपल्यावर न येता आधी यावा, एवढीच मागणी.

नागपुरात राहणाऱ्या अनेक वाचकांचे मूळ गाव तास-दीड तासावर आहे आणि तिथल्या जिल्हा परिषद शाळेत त्यांचे वडील किंवा ते स्वतः शिकले आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला गावात ग्रामसभा भरते. त्यांतल्या एका तरी सभेला या वर्षी जावे. शाळा व्यवस्थापन समितीत पंच्याहत्तर टक्के सदस्य पालक असतात, त्यांच्यासोबत बसावे, पट विचारावा, शाळा हलली तर लेकरांना कोणत्या वाटेने जावे लागेल आणि वाटेत किती नाले आहेत ते लिहून घ्यावे. पहिली ते पाचवीची शाळा गावातच राहील, असा ठराव ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात शब्दशः नोंदवून घ्यावा आणि त्याची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, एक जिल्हा परिषदेकडे आणि एक आपल्या आमदारांकडे स्वतःच्या हाताने पोचवावी.